मेंदूची अनुभवजन्य जडणघडण

मेंदूची अनुभवजन्य जडणघडण : मुख्यतः बालपणी व कुमारवयात शिकण्यामुळे आणि भोवतालच्या अनुभवांमुळे मेंदूतील चेतापेशींच्या परस्परजोडण्यांत घडणारे बदल. जन्मतः मेंदूचे वजन प्रौढ मेंदूच्या सुमारे एक-चतुर्थांश असते आणि दुसऱ्या वर्षाअखेर ते सुमारे चार-पंचमांशावर पोचते. चेतापेशी बहुतांशी जन्मापूर्वीच तयार झालेल्या असतात. पुढची वाढ मुख्यतः त्यांच्या शाखांची, त्या शाखांवरील आवरणाची आणि चेतासंधींची (चेतापेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या सांध्यांची) असते. चेतासंधी प्रथम गरजेपेक्षा जास्त निर्माण होतात व त्यांतील वापरात न आलेल्या पुढे नाहीशा होतात. या प्रक्रियेला ‘छाटणी’ म्हणतात. शब्द थोडा फसवा आहे, कारण इथे कात्री चालवणारा कोणी नसतो, वापर हाच निवाडा करतो.

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझेल (१९८१ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी) यांनी १९६० च्या दशकात मांजराच्या पिल्लांचा एक डोळा पहिले काही आठवडे झाकून ठेवला, तेव्हा दृष्टिकेंद्रातील बहुतेक पेशी त्या डोळ्याला प्रतिसाद देईनाशा झाल्या. प्रौढ मांजरात मात्र तसे झाले नाही. अशा मर्यादित अवधीला ‘संवेदनक्षम काळ’ म्हणतात. मुलांच्या ‘आळशी डोळ्या’वर चांगला डोळा झाकून करायचा उपचार लहान वयात अधिक गुण देतो, तो याच कारणाने.

भाषेचे उदाहरण मराठी वाचकाला अधिक जवळचे वाटेल. जॅनेट वर्कर व रिचर्ड टीझ यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॅनडातील इंग्रजीभाषक घरांतली सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळे हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ओळखत होती, पण वर्षाची होता होता त्यांतील बहुतेकांना तो फरक जाणवेनासा झाला. गोव्यात याचा उलट बाजूने विचार करता येतो. घरी कोंकणी, शाळेत आणि भजनात मराठी, बाजारात हिंदी-इंग्रजी असा अनेक मुलांचा दिवस असतो. कोंकणीत स्वराचे अनुनासिकत्व अर्थ बदलते, तर प्रमाण मराठीच्या उच्चारातून ते जवळजवळ लोपले आहे. त्यामुळे पाळण्यापासून कोंकणी ऐकलेल्या कानाला जो भेद आपसूक कळतो, तो केवळ मराठी ऐकत वाढलेल्याला मोठेपणी मुद्दाम कान देऊन शिकावा लागतो.

हाताचेही तसेच. तंतुवाद्यवादकांच्या १९९५ मधील अभ्यासात डाव्या हाताच्या बोटांचे मेंदूतील क्षेत्र इतरांपेक्षा विस्तारलेले आढळले आणि ज्यांनी वादन लहानपणी सुरू केले होते त्यांच्यात हा फरक अधिक होता. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आरतीत मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून घुमटावर (चामडे ताणलेल्या मातीच्या वाद्यावर) हात बसवणारे पोर असाच सराव करत असते, फक्त त्याला कोणी शिकवणी म्हणत नाही.

जडणघडण बालपणी संपत नाही. नियोजन व संयम सांभाळणारा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. आणि लंडनच्या टॅक्सीचालकांवरील २००० च्या अभ्यासात स्थळस्मृतीशी निगडित अश्वमीनाचा (मेंदूतील ‘हिप्पोकॅम्पस’ या भागाचा) मागचा भाग इतरांहून मोठा आढळला.