खड्डा भरल्यावर पुढे काय?

उल्हासनगरात आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर चार’ असं म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणजवळची लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे येऊन राहिलेले लाखभर सिंधी, आणि १९४९ मध्ये मिळालेलं शहराचं नाव. निर्वासितांची छावणी उठते कमी, मुरते जास्त. केनियातलं दादाब १९९१चं, काकुमा १९९२चं. दोन्ही अजून नांदती आहेत. आखणी मात्र चार-सहा महिन्यांच्या हिशोबाने होते. ताडपत्री, बांबू, सरपण बाहेरून येतं आणि वापरून झालं की तिथेच साठतं. चक्राकार रचनेचा, म्हणजे वापरलेली गोष्ट टाकून न देता पुन्हा कामी येईल अशा आखणीचा, विचार सुरू होतो तो या साठलेल्या गोष्टींपासून.

त्याआधी गोमा घडावं लागलं. जुलै १९९४ मध्ये रवांडातून ८ लाखांवर लोक काही दिवसांत तेव्हाच्या झाईरमध्ये, म्हणजे आजच्या काँगोत, गोमा शहराजवळ शिरले. गोमाभोवतीची जमीन लाव्ह्याची, पहारही चालेना. शौचालयाला खड्डा नाही, मेलेल्याला कबर नाही, प्यायला किवू तळ्याचं पाणी. महिनाभरात सुमारे ५०,००० माणसं गेली, बहुतेक कॉलरा आणि हगवणीने. पुढे १९९७ मध्ये मदतसंस्थांनी ‘स्फिअर’ मानकांचं काम हाती घेतलं : माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, २० जणांमागे एक शौचालय. आकडे कामाला आले. पण शौचालयं मोजणं सोपं असतं. भरलेल्या खड्ड्याला कुणी वाली नव्हता.

बांगलादेशातल्या कुतुपालाँगमध्ये तो प्रश्न अंगावर आला. २५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून ७ लाखांवर रोहिंग्या आले. घाईघाईत खणलेले उथळ खड्डे हातपंपांना खेटून होते आणि बघता बघता भरले. मैला ट्रकने दूर न्यावा, तर टेकड्यांवरच्या त्या दाटीत ट्रक शिरणार कुठून? २०१९ मध्ये ऑक्सफॅमने छावणीतच दीड लाख लोकांचा मैला हाताळणारं केंद्र उभं केलं. तळी आणि पाणवनस्पतींमधून पाणी हळूहळू निवळत जातं.

सरपणाची गोष्ट वेगळी दिसते, पण धागा तोच. चुलीसाठी जंगल तोडलं, मग मुळंही उपटली. टेकडी उघडी पडली आणि पावसाळ्यात दरडी झोपड्यांवर येऊ लागल्या. झोपडीत धुराने बायका-मुलं खोकत होती ती वेगळीच. २०१८ पासून घरोघरी गॅस सिलिंडर पोचू लागले. उतारांवर झाडं आणि वाळा लावला गेला. आपल्याकडे माठात टाकतात तोच वाळा. त्याची मुळं खोल जातात आणि माती धरून ठेवतात.

मला यात सर्वांत शहाणपणाचं वाटतं ते बांबूचं काम. छावणी तात्पुरती, म्हणून सरकारने विटा-सिमेंटची पक्की घरं होऊ दिली नाहीत. बांबूखेरीज इलाज नव्हता. कच्च्या बांबूला भुंगा लागतो, हात लावला की पिवळी भुकटी गळते, आणि एक-दोन पावसाळ्यांत खांब बदलावा लागतो. म्हणजे पुन्हा नवी तोड. त्यावर उपाय म्हणून छावणीच्या परिसरातच बांबू टाकणखार आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवायला सुरुवात झाली. बोरिक म्हणजे आपण कॅरमवर भुरभुरतो तेच. मुरवलेला खांब कितीतरी वर्षं टिकतो, आणि झोपडी मोडली तरी दुसरीकडे उभा राहतो.