कागदावरचा इंजिनिअर, रॅकसमोरचा इंजिनिअर

१९९०च्या आसपास ऑफिसातलं नेटवर्क म्हणजे टेबलांच्या मागून एका यंत्राकडून दुसऱ्याकडे गेलेली पातळ कोअ‍ॅक्स केबल. तांत्रिक नाव १०बेस२. एका तुकड्याची लांबी जास्तीत जास्त १८५ मीटर, त्यावर ३० यंत्रं, दोन यंत्रांत किमान अर्धा मीटर अंतर आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे टोक बंद करणारे रोध. परीक्षेला विचारण्यासारखे आकडे हेच. कामावरचा प्रश्न वेगळा असायचा. झाडू मारताना धक्का लागून एखादा टी-जोड ढिला व्हायचा आणि अख्खा मजला बंद पडायचा. तो जोड वीसपैकी कुठल्या टेबलाखाली आहे? अनुभवी माणूस यंत्रं बंद करून मल्टिमीटर काढायचा. दोन्ही टर्मिनेटर जागेवर असले तर साधारण २५ ओहम दिसतात, कारण ५०-५०चे दोन रोध समांतर येतात. ५० दिसले की एका बाजूला केबल तुटलेली. मग मध्यावर सोडवून दोन्ही तुकडे वेगवेगळे मोजायचे. ५० दाखवतो तो चांगला. ज्यावर मीटर काहीच दाखवत नाही, तो पुन्हा निम्मा करायचा. चार-पाच फेऱ्यांत जागा सापडते. १८५ पाठ असलेल्याला हे सुचेलच असं नाही. आणि हे जमणाऱ्याला १८५ माहीत नसलं, तर तो पुढच्या महिन्यात केबल २२० मीटरपर्यंत ओढून नवाच बिघाड करून ठेवेल.

त्या काळात छोट्या नेटवर्कवर राज्य नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअर या नेटवर्क चालवणाऱ्या प्रणालीचं होतं. ते बसवायला आणि सांभाळायला माणसं कमी पडत होती, म्हणून १९८०च्या दशकाच्या अखेरीस नॉव्हेलने सीएनई हे प्रमाणपत्र सुरू केलं. पदवीच्या अभ्यासक्रमात नेटवर्किंग फार तर एक विषय असायचा, त्यामुळे नोकरी देणाऱ्याला हा शिक्का सोयीचा वाटला. मग पुस्तकं पाठ करून शिक्का मिळवणारे आले, आणि ‘पेपर सीएनई’ हा शब्दही आला. १९९०च्या दशकात मायक्रोसॉफ्टच्या एमसीएसईची तीच गत झाली. एमसीएसई म्हणजे ‘मस्ट कन्सल्ट समवन एक्स्पीरिअन्स्ड’, असा विनोद तेव्हा जगभर चालायचा.

रूटर, म्हणजे नेटवर्कं एकमेकांना जोडणारी यंत्रं, बनवणाऱ्या सिस्कोने १९९३मध्ये सीसीआयई हे प्रमाणपत्र सुरू केलं तेव्हा वाट वेगळी धरली: लेखी परीक्षा फक्त दार उघडायला, खरा कस प्रयोगशाळेत. प्रमाणपत्रांच्या क्रमांकांची सुरुवात १०२४पासून झाली आणि तो क्रमांक प्रयोगशाळेलाच दिला गेला. १०२५ परीक्षा रचणाऱ्या स्टुअर्ट बिग्ज यांना, आणि परीक्षा देऊन उत्तीर्ण झालेले पहिले टेरी स्लॅटरी यांना १०२६. हे स्लॅटरी म्हणजे सिस्कोच्या रूटरवर आपण टॅब दाबून कमांड पूर्ण करतो, प्रश्नचिन्ह टाकून मदत घेतो, तो इंटरफेस ज्यांनी बांधला ते. पहिल्याच परीक्षार्थीचा अनुभव इतका पक्का असल्यावर परीक्षेचा दबदबा वाढला, यात नवल नाही.

तेव्हाची प्रयोगशाळा दोन दिवसांची होती. पहिल्या दिवशी कोऱ्या रॅकपासून, म्हणजे काहीच न बसवलेल्या उपकरणांच्या मांडणीपासून सुरुवात: केबल लावा, पत्ते द्या, फ्रेम रिलेची जोडणी आणि ओएसपीएफ, बीजीपी हे मार्ग ठरवणारे प्रोटोकॉल उभे करा. संध्याकाळी गुण मोजले जात. पुरेसे नसतील तर दुसऱ्या दिवशी यायची गरज नाही. दुसऱ्या दिवसाच्या शेवटच्या सत्रात परीक्षक तुमच्याच चालत्या नेटवर्कमध्ये मुद्दाम बिघाड करून ठेवायचा आणि ते ठरावीक वेळात शोधून दुरुस्त करायचे असत. नोकरीतल्या रात्रपाळीशी सर्वांत जवळचा भाग हाच.

नेमका तोच भाग पुढे वगळला गेला. १९९०च्या दशकाच्या अखेरीस इंटरनेटची भरभराट झाली. सिस्कोचा गोल्ड पार्टनर व्हायचं तर कंपनीकडे चार सीसीआयई असावे लागत, त्यामुळे त्या क्रमांकाला कौशल्याव्यतिरिक्त वेगळीच किंमत आली. माणूस काय करू शकतो याच्याइतकंच तो कुठल्या कंपनीच्या यादीत मोजला जातो, हे महत्त्वाचं झालं. प्रयोगशाळेच्या तारखा कित्येक महिने पुढच्या मिळू लागल्या. ऑक्टोबर २००१पासून परीक्षा एका दिवसाची झाली, आणि बिघाड शोधण्याचा स्वतंत्र भाग त्यात राहिला नाही. परीक्षेची रचना कौशल्यावरून जेवढी ठरते तेवढीच रॅक किती आणि रांग केवढी यावरूनही ठरते, हे इथे उघड दिसतं.

खालच्या पायरीवर १९९८मध्ये सीसीएनए आलं. पर्यायी उत्तरांची परीक्षा, त्यामुळे प्रश्नसंच बाहेर फुटणं ओघानेच आलं. त्यांना सगळे ‘डम्प्स’ म्हणतात. सिस्कोने पुढे प्रश्नांत सिम्युलेशन घातलं, म्हणजे पडद्यावरच्या खोट्या रूटरवर खऱ्या कमांड देणं. भारतात हे वारं लागलं तेव्हा जमीन तयार होती. विदेश संचार निगमची इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ला सुरू झाली होती आणि १९९८मध्ये खासगी सेवादात्यांना दार उघडलं होतं. मुंबई-पुण्यातल्या क्लासांत जुने २५०० मालिकेतले रूटर दिसू लागले. २५०१ला एक इथरनेट, दोन सिरियल पोर्ट. दोन रूटर पाठीला पाठ जोडताना केबलच्या डीसीई टोकाला, म्हणजे वेगाचा ठेका देणाऱ्या बाजूला, ‘क्लॉक रेट ६४०००’ द्यायला विसरलात तर लाइन प्रोटोकॉल वर येत नाही, हा धडा तिथे प्रत्येकाने एकदा तरी गिरवला. पुढे डायनामिप्स, जीएनएस३ आणि पॅकेट ट्रेसर या रूटरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमांनी हा सराव घरच्या संगणकावर आणला. सरावाचा खर्च जवळजवळ संपला. पण आभासी रूटरचा एसएफपी, म्हणजे फायबर जोडायचा तुकडा, मळत नाही आणि त्याच्यावर पावसाळ्यात वीज पडत नाही.

प्रयोगशाळेत आणि चालत्या नेटवर्कमध्ये एकच कमांड कशी वेगळी वागते, याचं नेहमीचं उदाहरण ट्रंकचं. एकाच स्विचवर केलेली वेगवेगळी आभासी नेटवर्कं म्हणजे व्हीलॅन, आणि अनेक व्हीलॅन वाहून नेणारी जोडणी म्हणजे ट्रंक. ट्रंकवर १०, २०, ४० हे व्हीलॅन चालू आहेत आणि ३० वाढवायचा आहे. ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’ दिलं की यादीत फक्त ३० उरतो, बाकी तीन त्याच क्षणी बंद. हवी असते ती ‘अलाउड व्हीलॅन अ‍ॅड ३०’. कोऱ्या रॅकवर पहिली कमांडही बरोबरच ठरते, कारण तिथे आधीचं काही नसतंच. व्यवस्थापनाचा व्हीलॅन त्या पुसलेल्यांत असला, तर स्विचवरचं तुमचं सेशनही जातं आणि कन्सोल केबल घेऊन साइटवर जावं लागतं. म्हणून जुनी मंडळी दूरच्या उपकरणावर असा बदल करण्याआधी ‘रीलोड इन १०’ देतात, म्हणजे दहा मिनिटांनी पुन्हा सुरू हो. दहा मिनिटांत सगळं ठीक दिसलं तर ‘रीलोड कॅन्सल’. संपर्क तुटला तर उपकरण जुन्या कॉन्फिगवर आपोआप उठतं. अट एकच: मधल्या काळात ‘राइट’ मारायचं नाही, म्हणजे नवं कॉन्फिग साठवायचं नाही.

असंच डुप्लेक्सचं: फुल म्हणजे दोन्ही बाजू एकाच वेळी बोलतात, हाफ म्हणजे आळीपाळीने. एका बाजूला १००/फुल हाताने ठोकलेलं आणि दुसरी बाजू ऑटोवर. ऑटोला समोरून वाटाघाटीचा संकेत मिळत नाही. ती वेग ओळखते, पण डुप्लेक्स नियमाप्रमाणे हाफ धरते. लिंक वर असते, पिंग जातो, फाइल कॉपी करायला घेतली की सगळं रांगतं. हाफ बाजूला लेट कोलिजन (उशिराच्या टकरी) वाढतात, फुल बाजूला सीआरसी त्रुटी (बिघडलेल्या फ्रेम). एकाच टोकाचे काउंटर पाहणारा केबल बदलत बसतो. किंवा बीएसएनएलच्या डीएसएल जोडणीवर लॉगिनसाठी वापरलं जाणारं पीपीपीओई घ्या. त्याचे ८ बाइट गेल्यावर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, १५०० ऐवजी १४९२ उरतो. ‘पॅकेट मोठं आहे’ असं कळवणारे आयसीएमपी संदेश वाटेत कुणी अडवले असतील तर काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात. विंडोजवर ‘पिंग -एफ -एल १४६४’ जातो आणि १४६५ अडतो, म्हणजे निदान झालं. रूटरवर टीसीपी एमएसएस (एका तुकड्यातला कमाल मजकूर) १४५२ केला की प्रश्न मिटतो.

पण अनुभवाचीही एक खोड आहे: जे आजवर चाललं ते उद्याही चालेल असं तो धरून चालतो. नोव्हेंबर २००२मध्ये बोस्टनच्या बेथ इझ्रायल डीकनेस रुग्णालयाचं नेटवर्क कोसळलं आणि काही दिवस डॉक्टर-परिचारिकांना कागदावर काम करावं लागलं. मुळाशी स्पॅनिंग ट्री होता, म्हणजे स्विचांच्या जाळ्यात वाहतूक गोल फिरत राहू नये म्हणून जादा जोडण्या बंद ठेवणारा प्रोटोकॉल. त्याच्या ८०२.१डी या मानकाचे मूळ टायमर टोकापासून टोकापर्यंत सात स्विच गृहीत धरून ठरवलेले आहेत. तिथलं नेटवर्क तुकड्या-तुकड्याने जोडत वाढलं आणि सातच्या पुढे गेलं. प्रत्येक नवी जोडणी त्या दिवशी चालली. वाहतूक अतोनात वाढली तेव्हा झाडाचा हिशेब चुकला आणि लूप लागला. सातचा आकडा पुस्तकी. परीक्षेला पाठ करायचा आणि विसरायचा, अशातला. रुग्णालयाचे माहिती-तंत्रज्ञान प्रमुख जॉन हलाम्का यांनी हे सगळं जाहीरपणे मांडलं, म्हणून ते आज शिकवता येतं.

२४ फेब्रुवारी २००८ची घटना उलट बाजूची. पाकिस्तान टेलिकॉमने देशांतर्गत यूट्यूब बंद करण्यासाठी २०८.६५.१५३.० हा /२४ मार्ग बीजीपीत, म्हणजे सेवादाते एकमेकांना मार्ग कळवतात त्या प्रोटोकॉलमध्ये, टाकला आणि तो वरच्या सेवादात्याकडून जगभर पसरला. यूट्यूबची स्वतःची घोषणा /२२ होती. तिरकस रेघेपुढचा आकडा मोठा, म्हणजे प्रीफिक्स लांब आणि मार्ग जास्त नेमका; लांब प्रीफिक्स जिंकतो, हे सीसीएनएच्या पोरालाही ठाऊक. ग्राहकाकडून आलेले मार्ग गाळून घ्यायची जबाबदारी कुणाची, हे मात्र कुठल्याच पर्यायांत नव्हतं. दोनेक तास यूट्यूब जगाच्या मोठ्या भागात दिसेनासं झालं.

सीसीआयईत बिघाड-शोध परत आला तो ऑक्टोबर २००९मध्ये. आता तो दोन तासांचा स्वतंत्र भाग होता आणि त्यासाठीचे रूटर आभासी. एका परीक्षार्थीमागे खरा रॅक अडकवून ठेवायची गरज उरली नव्हती. आठ वर्षांपूर्वी जो भाग गेला, तो यंत्रं स्वस्त झाल्यावर परतला. २०१४मध्ये त्याला अर्ध्या तासाच्या निदानाची जोड मिळाली. तिथे उपकरणाला हात लावता येत नसे. ईमेल, आकृत्या आणि लॉग वाचून दोष कुठे ते सांगायचं. २०२०च्या फेररचनेत पहिले तीन तास आराखड्याचे झाले, तेही उपकरणाविना, आणि पुढचे पाच तास उभारणी-देखभालीचे. त्याच वर्षी सीसीएनएची एकच परीक्षा राहिली: २००-३०१, १२० मिनिटं, मुदत तीन वर्षं.

आपल्याकडे सरकारी निविदांत अजूनही ‘सीसीएनए किंवा समकक्ष, अमुक वर्षांचा अनुभव’ अशी अट असते. ती पुरवठादाराला कागद गोळा करायला लावते. रॅकसमोर कोण उभा राहणार ते तिच्यातून कळत नाही. मुलाखत घेणाऱ्याला खरंच पारखायचं असेल, तर तो उमेदवारापुढे चालू स्विचचं कॉन्फिग ठेवतो आणि म्हणतो, “या ट्रंकवर ३० नंबरचा व्हीलॅन वाढव.” मग तो कमांडमधल्या एका शब्दाची वाट पाहतो.