रिपोर्ट उघडतं तरी कोण?

माझ्या भाचीला परळच्या एका ऑफिसात लागून वर्ष झालं, पगार बरा आहे, एसी आहे, चहा फुकट आहे, आणि तरी परवा दादरहून फास्ट पकडली तर लेडीज डब्यात लटकत लटकत मला म्हणते, "मावशी, कंटाळा आलाय गं. दर आठवड्याला रिपोर्ट बनवते, मागच्या महिन्यात चुकून जुनीच फाईल गेली तर कोणाला कळलं पण नाही."

आजकालच्या पोरांना टिकायलाच नको, हे अगदी ओठावर आलं होतं माझ्या. पण गिळलं, कारण मला लेगोवाला प्रयोग आठवला.

२००८ साली छापून आलेला हा प्रयोग डॅन एरिएली, एमिर कामेनिका आणि ड्राझेन प्रेलेक यांचा. विद्यार्थ्यांना लेगोचे छोटे रोबो जोडायला दिले, एकेका रोबोत ४० तुकडे. पहिल्याचे २ डॉलर, मग प्रत्येक पुढच्याला ११ सेंट कमी, वाटेल तेव्हा थांबा. अर्ध्या जणांचे तयार रोबो समोर टेबलावर ओळीने मांडत गेले. बाकीच्यांना दोनच रोबो आलटून पालटून, म्हणजे तुम्ही दुसरा जोडताय तोवर समोरचा माणूस तुमचा पहिला सुटा करतोय, आणि तोच परत तुमच्या हातात! पैसे दोघांना सारखेच. पहिल्या गटाने सरासरी १०.६ रोबो केले, दुसऱ्याने ७.२.

मला याच्यापेक्षा भारी वाटतं ते पुढचं. ज्यांना लेगो मुळात आवडतो त्यांनी जास्त रोबो करायला हवेत ना? पहिल्या गटात तसंच झालं. दुसऱ्या गटात मात्र आवड असणारे आणि नसणारे यांच्यात फरकच दिसेना. म्हणजे केलेलं डोळ्यादेखत मोडलं तर आवड असून नसल्यासारखीच.

पगाराला महत्त्व नाही असं मी म्हणत नाहीये, असं म्हणणारे बहुतेक स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतात, मुंबईत भाडं भरत नाहीत. पण पगार वाढवायच्या आधी एक फुकटातला उपाय आहे. अ‍ॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एका युनिव्हर्सिटीसाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांना, त्याच पैशातून स्कॉलरशिप मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी जरा वेळ भेटवलं, तेही फक्त काही मिनिटं. महिन्याभराने बघितलं तर ते फोनवर आधीच्या दुपटीहून जास्त वेळ घालवत होते. ना बोनस, ना पिझ्झा पार्टी.

हे सगळं तिला ठाण्यापर्यंत सांगितलं. सोमवारी ती खरंच ज्या साहेबांना रिपोर्ट जातो त्यांच्या केबिनमध्ये गेली आणि विचारलं, सर, यातले आकडे तुम्ही कशाला वापरता?

साहेब म्हणाले, "कुठला रिपोर्ट?"