हिवाळी स्पितीसाठी सायकलच्या हायड्रॉलिक ब्रेकची तयारी

डिसेंबर ते मार्च या काळात सायकल घेऊन काझाला निघणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे. कुंझुम खिंड तेव्हा बंद असते, त्यामुळे वाट शिमला, किन्नौर, नाको, ताबो अशी. काझा साधारण ३६५० मीटर उंचीवर आहे आणि जानेवारीत रात्री तिथला पारा उणे २० च्याही खाली जातो.

हायड्रॉलिक ब्रेक तेलाच्या दाबाने चालतो. एवढ्या थंडीत तो अडकला की बहुतेकांना वाटतं, आतलं तेल गोठलं. तेल गोठत नाही. ते घट्ट होतं, लिव्हर जड लागतो आणि सोडल्यावर सावकाश परत येतो, इतकंच. गोठतं ते पाणी. एक तर ब्रेकच्या आत शिरलेलं, नाहीतर पॅड आणि डिस्कच्या फटीत साचलेलं. दोन्हींचा बंदोबस्त वेगवेगळा आहे.

आत कोणतं तेल आहे?

शिमानो, मगुरा, टेक्ट्रो यांच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं. स्रामच्या लेव्हल, गाइड, कोड या ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड. डीबी८ आणि मेव्हन मात्र मिनरल ऑइलवर चालतात. लिव्हरवर किंवा टाकीच्या झाकणावर बहुधा लिहिलेलं असतं. एकाच्या जागी दुसरं कधीही घालू नका. रबरी सील खराब होतात आणि मग नुसतं तेल बदलून भागत नाही.

डॉट फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेतं. पाणी त्यात विरघळतं, त्यामुळे वेगळा बर्फ होत नाही, पण थंडीत फ्लुइड आणखी घट्ट होतं आणि लांब उतारावर लवकर उकळतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश, पाणी मुरल्यावर किमान १५५. स्पितीसाठी आम्ही डॉट ५.१ भरतो, कारण उणे ४० अंशांना त्याच्या घट्टपणाची कमाल मर्यादा ९०० सेंटीस्टोक आहे आणि डॉट ४ ची १८००. नुसतं ‘डॉट ५’ लिहिलेली बाटली घेऊ नका. ते सिलिकॉनचं असतं, या ब्रेकसाठी नाही.

मिनरल ऑइलचं गणित वेगळं. त्यात पाणी मिसळत नाही. जुन्या सीलमधून किंवा प्रेशर पंपाने धुताना आत गेलेला थेंब तेलापेक्षा जड असल्याने तळाशी, म्हणजे नेमका कॅलिपरमध्ये (चाकाजवळचा पॅड दाबणारा भाग) जाऊन बसतो. पावसाळाभर ताम्हिणीत फिरलेल्या सायकलीत हे हमखास तपासावं. पुण्यात तो थेंब कधीच गोठत नाही, म्हणून त्याचा पत्ता लागत नाही. काझात तो पहिल्याच रात्री पिस्टनमागे बर्फ होऊन बसू शकतो.

तपासणी घरी होते. कॅलिपरच्या बाजूने काढलेलं पाचेक मिली तेल पारदर्शक बाटलीत रात्रभर उभं ठेवा. तळाशी वेगळा थेंब किंवा गढूळ थर दिसला तर पाणी आहे. मग बाटली फ्रीझरमध्ये ठेवा. उणे १८ अंशांना तेल वाहतं राहील, पाण्याचा कण तळाला कडक झालेला दिसेल.

तेल बदलताना

इथे एक चूक नेहमी होते. खालून सिरिंजने तेल वर ढकललं जातं. हवा काढायला ते योग्य आहे, पण तळाशी पाणी असेल तर तेच पाणी होजमधून, म्हणजे तेलाच्या नळीतून, वर चढतं. म्हणून आधी खाली सोडायचं, मगच वर ढकलायचं.

शिमानोच्या माउंटन बाइक ब्रेकचा क्रम असा. चाक आणि पॅड काढा, पिस्टन आत ढकलून पॅडच्या जागी पिवळा ब्लॉक (प्लास्टिकचा ठोकळा) बसवा. लिव्हर आडवा करा, २.५ मिमी ॲलन कीने वरचा स्क्रू काढून फनेल लावा. त्या स्क्रूची बारीक ओ-रिंग जपा. कॅलिपरच्या निपलला (तेल सोडायच्या तोटीला) नळी आणि पिशवी जोडून निपल अष्टमांश फेरा सैल करा आणि फनेलमध्ये नवं तेल घालत जुनं खाली जाऊ द्या. फनेल रिकामं होता कामा नये. ब्रेकच्या आत तेल थोडंच मावतं, तरी धुऊन काढण्यासाठी प्रत्येकी ४०-५० मिली हाताशी ठेवा. स्वच्छ तेल आलं की खालून सिरिंजने वर ढकलून बुडबुडे काढा. निपल बंद करा, लिव्हर पुढे-मागे ३० अंश कलवून हळूहळू दाबा आणि उरलेली हवा फनेलमध्ये येऊ द्या. निपल ४ ते ६ न्यूटन मीटरला घट्ट करा.

हवा पूर्ण काढण्यावर आमचा भर असतो, त्याला कारण आहे. उंचीवर बाहेरचा दाब कमी होतो आणि होजमधला बुडबुडा फुगतो. काझाच्या उंचीला तो पुण्याच्या जवळजवळ दीडपट होतो. इथे चालून गेलेला किंचित मऊ लिव्हर तिथे हँडलला टेकू शकतो.

पिस्टनही स्वच्छ हवेत. एक पिस्टन प्लास्टिकच्या टायर लिव्हरने धरा, दुसरा ३-४ मिमी बाहेर येऊ द्या, कापसाच्या काडीला ब्रेकमधलंच तेल लावून कडा पुसा आणि सरळ आत ढकला. तिरका जोर लावला तर सिरॅमिक पिस्टन तडकतो. मगच पॅड बसवा. चिखल-रेतीत मेटल पॅड जास्त टिकतात, पण डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ अशी खूण असेल तर ते लावू नका.

वाटेत

उतारावरून आलेली गरम डिस्क बर्फ वितळवते, पाणी पॅडमागे जातं आणि सायकल उभी राहिली की गोठतं. म्हणून थांबण्याआधी शेवटचे शंभर-दोनशे मीटर दोन्ही ब्रेक हलके दाबून डिस्क कोरडी करा. उभी केल्यावर दोन-तीन मिनिटांनी सायकल पुढे-मागे सरकवा. लिव्हर बांधून ठेवू नका. मुक्कामी डिस्क आणि कॅलिपर कोरड्या फडक्याने पुसा. सायकल रात्री उबदार खोलीत घेतली तर गार धातूवर पाणी धरतं, तेही सकाळी निघण्यापूर्वी पुसायला हवं. निघाल्यावर पहिल्या काही मिनिटांत ब्रेक अधूनमधून दाबत राहा, डिस्कवर बर्फाचा पापुद्रा असतो.

पॅड चिकटलेच तर लिव्हर जोराने ओढू नका, सायकल हलके मागे-पुढे करा. नाही सुटले तर रबरी पिशवीत गरम पाणी भरून ती कॅलिपरवर पाच-दहा मिनिटं धरा. गरम पाणी थेट ओतलं तर तेच पुन्हा गोठतं. स्टोव्हची ज्योत सील जाळते. डब्ल्यूडी-४० किंवा कुठलाही तेलकट स्प्रे डिस्कला लागला तर पॅड वाया जातात आणि घाटात ब्रेक लागत नाही, हे कृपया जिवाशी गाठ समजून पाळा. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. ते ज्वलनशील असल्याने विमानात नेता येत नाही, चंडीगढला उतरल्यावर घ्या.

सायकल पॅक करताना पॅडमध्ये स्पेसर घाला आणि उघडल्यावर सरळ उभी करून लिव्हर वीसेक वेळा दाबा. ब्लीडिंगसाठी, म्हणजे तेल बदलून हवा काढण्यासाठी, सायकल निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी आणा. त्यानंतर सिंहगडाचे दोन-तीन उतार करून बघा. कुठे गळती असेल तर ती तिथेच दिसेल आणि दुरुस्तीला वेळ उरेल.