काचेला चिकटलेला फोटो

जुनी तसबीर उघडायला घ्यावी आणि फोटो काचेसकट हातात यावा, हे कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांना नवं नाही. आजोबांच्या टोपीपाशी एक चकचकीत, ओलसर दिसणारा डाग असतो. तिथे फोटो काचेला कायमचा धरून बसलेला असतो. आपण पावसाला बोल लावतो, पण पाऊस निमित्त. खरी भानगड फोटोच्या अंगावरच्या जिलेटिनची आहे.

१८७१ साली रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने चांदीचे क्षार जिलेटिनमध्ये घोळवून काचेवर पसरायची युक्ती मांडली. पुढे विसाव्या शतकातले कृष्णधवल फोटो, आणि नंतर लॅबमधून धुऊन येणारे रंगीतसुद्धा, याच पातळ थरात उमटले. जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यांतून निघतं. जेलीत असतं तेच. कोरडं असताना ते कडक असतं, हवा दमट झाली की पाणी पिऊन फुगतं आणि मऊ पडतं. मुंबईत जुलैमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. अशा वेळी काच फोटोला टेकलेली असेल तर मऊ थर तिला बिलगतो आणि पुढे सुकतो तोही तिला धरूनच. शिवाय जिलेटिन म्हणजे प्रथिन, त्यामुळे बुरशीला आणि कसरीला आयतं जेवण.

उपाय साधा आहे: काच आणि फोटो यांच्यात हवेची फट. फ्रेमवाले ज्याला माउंट म्हणतात, ती खिडकी कापलेली जाड पुठ्ठ्याची चौकट आपण शोभेची समजतो आणि ‘नको, साधीच करा’ म्हणून पैसे वाचवतो. तिचं खरं काम दीड-दोन मिलिमीटरची ही फट राखणं आहे. फोटो आधीच चिकटला असेल तर मात्र ओढू नका, चेहऱ्याचा पापुद्रा काचेवर राहील. काचेतूनच स्कॅन करा आणि दोन्ही एकत्र जपा.

पाठीमागे काय लावलंय तेही पाहा. हार्डबोर्ड, प्लायवूड, स्वस्त पुठ्ठा यांत लिग्निन असतं. वर्तमानपत्र ज्याच्यामुळे पिवळं पडतं, तेच. त्यातून हळूहळू आम्ल सुटतं आणि फोटोचा कागद तपकिरी, ठिसूळ होतो. कापसाच्या लगद्याचा आम्लमुक्त बोर्ड महाग पडतो, पण फ्रेमच्या नक्षीवर खर्च करण्यापेक्षा मी तिथे करेन. चिकटपट्टी तर नकोच. संग्रहालयांत फोटो वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांवर टांगतात, त्या गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने चिकटवलेल्या. पाण्याने ही खळ पुन्हा सुटते, आणि बाकीच्या कडा मोकळ्या असल्याने कागद दमटपणात फुगला तरी सुरकुतत नाही.

‘आम्लमुक्त’ शब्दाला भुलूही नये. अशा बऱ्याच बोर्डांत आम्ल मारायला कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं, आणि हल्ली हौशी मंडळी उन्हात बनवतात त्या सायनोटाइप नावाच्या निळ्या छायाचित्रांना तेच मारक. त्यांतला प्रशियन निळा हा रंग अशा अल्कलीत, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थात, विरतो. याच निळ्याची एक गंमत: उजेडाने फिका पडला तर काही काळ अंधारात ठेवल्यावर तो बराचसा परत येतो.

बाकीचे रंग परत येत नाहीत. १९७०च्या आसपासचे लग्नाचे अल्बम लालसर दिसतात, कारण त्या काळच्या फोटोंमधला निळसर रंग बंद कपाटातसुद्धा उष्णतेने विरत गेला. भिंतीवरच्या फोटोंना वर उजेडाचाही मार. नाजूक छायाचित्रांना संग्रहालयं ५० लक्स एवढाच मंद प्रकाश देतात. थेट ऊन १ लाख लक्सपर्यंत जातं. अतिनील किरण अडवणारी काच मिळते, पण दिसणारा उजेडही रंग उडवतो, म्हणून खिडकीसमोरची भिंत टाळायची. पावसात ओल धरणारी बाहेरची भिंतही टाळायची. तीच एक भिंत मोकळी असेल तर फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, मागून हवा खेळेल.

आणि फ्रेम बंद करायची ती जानेवारी-फेब्रुवारीत. कागद आणि पुठ्ठा हवेतली ओल साठवतात. जुलैत बंद केलेल्या फ्रेममध्ये जुलैच कोंडला जातो आणि गार रात्री काचेच्या आतल्या बाजूला दंव होऊन बसतो.