डिंगलच्या डोंगराचं समुद्रातलं शेपूट

आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर डिंगलचा द्वीपकल्प सुमारे 48 किलोमीटर अटलांटिकमध्ये घुसला आहे. त्याच्या टोकाशी, डनक्विनच्या कड्यावरून, समोर ब्लास्केट बेटं दिसतात. ती याच डोंगराचं शेपूट. हिमयुग सरल्यावर पाणी चढलं, सखल भाग बुडाला, माथे तेवढे उरले.

खडक बहुतांशी तांबूस वालुकाश्म. साधारण 40 कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी कोरड्या प्रदेशात पसरलेली वाळू नि गोटे, लोहाच्या ऑक्साइडने रंगलेले. पुढे भूखंडांच्या टकरीत हे थर दुमडले. आपल्या सह्याद्रीत लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे, म्हणून डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे. इथे थर तिरके. ते समुद्राकडे कलले असतील तर लाद्या घसरून उतार तयार होतो, जमिनीकडे कलले असतील तर कडा उभा टिकतो.

लाट भेगेत शिरली की आतली हवा दाबली जाते. पाणी मागे हटताच ती झटक्यात फैलावते आणि दगडाचे चिरे सैल होतात. भेगेची घळ होते, घळीची गुहा, गुहा आरपार गेली की नेढं, आणि नेढ्याचं छत कोसळलं की सुळका. ब्लास्केटपैकी टिअरॅक्ट बेटाला असं नेढं आज आहे. राजगडाचं नेढं पाहिलेल्याला ते लगेच ओळखू येईल.

द्वीपकल्पावरच्या 952 मीटर उंचीच्या माउंट ब्रँडनवर मात्र काम बर्फाचं. नैर्ऋत्येचा वारा हिम उडवून पूर्वेच्या सावलीत टाकायचा, तिथे ते टिकायचं. तिथल्या हिमनद्यांनी कोरलेल्या खळग्यांत आता तळ्यांची माळ आहे.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे मुख्य बेट आणि डनक्विनमधली दोनेक किलोमीटरची सामुद्रधुनी. बेटाचा आडोसा आहे, पण भरती-ओहोटीचा सगळा लोंढा याच फटीतून जातो आणि पाण्याखाली खडक दबा धरून आहेत. वाऱ्याविरुद्ध प्रवाह लागला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. सप्टेंबर 1588 मध्ये स्पॅनिश आरमाराचं ‘सांता मारिया दे ला रोसा’ हे जहाज इथेच ओहोटीत नांगरासकट फरपटत गेलं, खडकावर आपटलं आणि बुडालं.

बेटकरी ‘नेव्होग’ वापरत: लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, वर डांबर लावलेलं कॅनव्हास. बेटाला बंदर नाही, म्हणून होडी खांद्यावर उचलून वर नेता येईल इतकी हलकी हवी. पण वादळात तीही निघेना. डॉक्टर, टपाल, पीठ सगळं अडे. 1953 मध्ये उरलेली माणसंही मुख्य भूमीवर हलवली गेली.