पोस्टाचं तिकीट आणि रेव्हेन्यूचं तिकीट, घोळ नक्की कुठे होतो

जानेवारी आला की ऑफिसात एचआरएसाठी, म्हणजे घरभाडे भत्त्यावरच्या कर सवलतीसाठी, भाडेपावत्या जमा करायची धावपळ सुरू होते आणि दरवर्षी एखादी तरी पावती अशी येतेच जिच्यावर पोस्टाचं ५ रुपयांचं तिकीट चिकटवलेलं असतं. आपण दोन्हीला तिकीटच म्हणतो, दोन्ही पोस्टातच मिळतात, त्यामुळे गोंधळ होतो हे कळतं मला, पण पावतीवर ते चालत नाही म्हणजे नाही.

पोस्टाचं तिकीट सगळ्यांना माहितीये, पत्र पोचवायची मजुरी आगाऊ भरली, संपलं. रेव्हेन्यूचं तिकीट म्हणजे कर, फक्त १ रुपया, ५००० च्या वर पैसे मिळाल्याच्या पावतीवर लावायचा. बरोब्बर ५००० असतील तर लागत नाही. लालबाग-गिरगावात पागडीच्या खोलीचं भाडं काहीशे रुपये असतं, तिथे तर प्रश्नच नाही, तरी लोक हौसेने लावतात.

आता जिथे सगळे चुकतात ते. पोस्टाच्या तिकिटावर आपण पेन लावायचं नसतं, शिक्का मारून ते बाद करणं पोस्टाचं काम. रेव्हेन्यूच्या तिकिटाला शिक्का मारणारं कोणी नाही, ते आपणच बाद करायचं, आणि लोक काय करतात तर तिकीट वर नीट चिकटवतात आणि सही खाली मोकळ्या जागेत सुंदर अक्षरात. झालं, तिकीट कोरंच राहिलं, उद्या सोडवून दुसऱ्या कागदावर लावता येईल. १८९९ च्या स्टॅम्प ॲक्टप्रमाणे असं बाद न केलेलं तिकीट लावलंच नाही असं धरतात. म्हणून सही तिकिटावरून आडवी गेली पाहिजे, अर्धी तिकिटावर अर्धी कागदावर, आणि तारीखही टाका. मला हीच पद्धत पटते, नुसत्या दोन तिरक्या रेघा मारलेल्या बघितल्या की डोकं फिरतं.

आणि सही पैसे घेणाऱ्याची! मागच्या वर्षी एका सहकाऱ्याने बारा पावत्यांवर बारा तिकिटं लावून सगळीकडे स्वतःचीच सही ठोकली, भाडेकरू तोच, मग घरमालकाला गाठायला रविवारी डोंबिवलीहून विरारला जाऊन सगळ्या पावत्या नव्याने करून आणाव्या लागल्या बिचाऱ्याला.